काकांची वायर

हा भाग ज्यांनी पाहिला त्यांना आठवत असेल, सुरुवातीलाच मी एक वायर हातात धरून दाखवली होती. पुस्तकात ती दाखवता येत नाही, म्हणून वर्णन करते. दीड हात लांब, दोन पदर एकमेकांभोवती पिळलेले, वरून सुती विणीचं वेष्टण. कधीकाळी ते सोनेरी असावं, आता मातकट झालंय. जुन्या घरात टेबल लॅम्पला किंवा इस्त्रीला असायची ना, तीच. एक टोक जळून काळं पडलंय. ही वायर लखनौमध्ये, चौकात, एका 1961 सालच्या अँबॅसडरच्या डॅशबोर्डमागून निघाली. घरातली वायर गाडीत काय करत होती, हे शोधायला आम्हाला तीन दिवस लागले. त्या तीन दिवसांत मला गाडीतल्या रेडिओचा बराच इतिहास कळला, आणि आमच्या घराचाही थोडासा.

चौक म्हणजे जुनं लखनौ. गोल दरवाजा, अकबरी दरवाजा, मधल्या गल्ल्यांत चिकनकारीची दुकानं, अत्तरवाले, थंडीत मक्खन मलाईचे ठेले. किंग जॉर्ज मेडिकल कॉलेजची इमारतही याच भागात आहे, 1911 पासून. माझे आजोबा डॉक्टर होते आणि त्यांचा दवाखाना चौकात होता. वडील पुढे नोकरीसाठी पुण्याला आले, मोठे काका मात्र तिथेच राहिले. त्यांचं मराठी आता असं आहे की वाक्य मराठीत सुरू होतं आणि ‘खैर, छोडो’वर संपतं. आमची गल्ली इतकी अरुंद की गाडी आत येत नाही. ती कायम बाहेरच्या अहात्यात उभी असते. ही बाब लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

गेल्या थंडीत मी गेले तेव्हा काकांनी मनावर घेतलं होतं की गाडीची ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदणी करायची. 2021 साली केंद्र सरकारने तसा नियम केला. पन्नास वर्षांहून जुनी गाडी, मूळ रूपात जपलेली असेल तर तिला ‘व्हीए’ अक्षरांची वेगळी नंबरप्लेट मिळते. नवी नोंदणी वीस हजार रुपये, मुदत दहा वर्षं. रोजच्या वापराला ती गाडी काढता येत नाही. काकांना त्याचं काही वाटत नव्हतं. आता त्यांना अहात्याच्या फाटकापलीकडे गाडी न्यायचीच नव्हती.

अडचण वेगळीच होती. बॅटरी जोडली की पाच मिनिटांत डॅशबोर्डमागून धूर यायचा.

एका दुकानातल्या तरुणाने गाडी पाहिली आणि सरळ सांगितलं, सगळं वायरिंग उपटा, नवा हार्नेस टाका, ब्लूटूथचा सेट बसवा, दोन दिवसांचं काम. त्याचं चुकलं असं मी म्हणणार नाही. साठ वर्षांच्या वायरीतून धूर येत असेल तर गाडी पेटू शकते, आणि पेटलेल्या गाडीला कुठलीच नंबरप्लेट मिळत नाही. पण काका नाही म्हणाले. का नाही म्हणाले ते त्यांनी तेव्हा सांगितलं नाही. मग चौकातलेच एक म्हातारे ऑटो इलेक्ट्रिशियन आले. त्यांना सगळे उस्ताद म्हणतात, मीही तेच म्हणते. त्यांनी बॉनेट उघडलं, डॅशखाली डोकं घातलं आणि बाहेर येऊन म्हणाले, “बिटिया, इसमें तीन ज़माने लटक रहे हैं।”

खरंच तीन जमाने लोंबकळत होते. डॅशच्या मधोमध मूळ रेडिओ, दोन बटणं आणि मध्ये काचेची पट्टी. त्याच्या खाली लोखंडी पट्टीवर टांगलेला ऐंशीच्या दशकातला कॅसेट प्लेअर. आणि ग्लोव्ह बॉक्समध्ये कोंबलेला 2000 नंतरचा एफएम-सीडीचा सेट. प्रत्येकाच्या वायरी मागच्याच्या वायरींवर टेप मारून चढवलेल्या. त्याच ग्लोव्ह बॉक्समध्ये रेडिओ लायसनची पुस्तिकाही होती, पोस्टाच्या शिक्क्यांसकट. तरुण श्रोत्यांसाठी सांगते, रेडिओ ऐकायला सरकारी परवाना लागायचा, दरवर्षी पोस्टात पैसे भरावे लागायचे, आणि ते ऐंशीच्या दशकापर्यंत चाललं.

इथे जरा मागे जाऊ. गाडीत रेडिओ बसवण्याची कल्पना धंद्यात आणली अमेरिकेतल्या पॉल गॅल्विन यांच्या कंपनीने, 1930 साली. त्या वर्षी अटलांटिक सिटीत रेडिओवाल्यांचं अधिवेशन होतं. गॅल्विन यांना आत स्टॉल नव्हता, म्हणून त्यांनी शिकागोहून आणलेली स्वतःची गाडी बाहेर उभी केली आणि रेडिओ मोठ्याने लावून गिऱ्हाईक गोळा केलं. रेडिओचं नाव ठेवलं मोटोरोला. पण खरी झुंज आवाज आणण्याची नव्हती, नको तो आवाज घालवण्याची होती. इंजिनातला प्रत्येक स्पार्क प्लग म्हणजे एक छोटा ट्रान्समीटर असतो. अगदी सुरुवातीची बिनतारी यंत्रं ठिणगीवरच तर चालायची! म्हणजे गाडी चालू असताना रेडिओच्या शेजारी चार ट्रान्समीटर मिनिटाला हजारो वेळा ओरडत असतात. शिवाय डायनॅमोची घुंई वेगळीच. मग प्लगच्या वायरीत रेझिस्टन्स घाला, डायनॅमोला कंडेन्सर लावा, बॉनेटला नीट अर्थ द्या, असे उपाय निघाले. ते करूनही शॉर्टवेव्हवर खरखर राहायचीच. दूरचं स्टेशन स्वच्छ ऐकायचं तर गाडी बंद करून उभी करायची. गाडीतला रेडिओ उभ्या गाडीत जास्त चांगला ऐकू येतो, ही गंमत त्या काळच्या गाडीवाल्यांना पाठ होती.

आता दूरचं स्टेशन कशाला ऐकायचं? लखनौला स्वतःचं रेडिओ केंद्र 2 एप्रिल 1938 पासून होतं. इथे आपली मराठी माणसं या गोष्टीत येतात, आणि ती काहीशी खलनायकाच्या वेषात येतात, त्याला माझा इलाज नाही.

1926 साली विष्णु नारायण भातखंडे यांच्या पुढाकाराने लखनौत मॅरिस कॉलेज हे संगीत विद्यालय सुरू झालं. त्यांचे शिष्य श्रीकृष्ण नारायण रातंजनकर तिथे दीर्घकाळ प्राचार्य होते. स्वातंत्र्यानंतर 1952 मध्ये बाळकृष्ण विश्वनाथ केसकर नभोवाणी मंत्री झाले. माणूस पुण्याचा, लोकसभेवर निवडून आलेला मात्र उत्तर प्रदेशातून. केसकरांना वाटे की रेडिओने लोकांना शास्त्रीय संगीताची गोडी लावावी. चित्रपटगीतं त्यांना हलकी वाटत. त्यांनी ती कमी केली, गाण्याआधी चित्रपटाचं नाव सांगणं म्हणजे फुकटची जाहिरात असं ठरवलं, निर्माते बिथरले, आणि आकाशवाणीवरून चित्रपटगीतं काही वर्षं जवळजवळ गायब झाली. गायकांच्या चाचण्या घेण्याचं काम रातंजनकरांकडे होतं, त्यावरून मुंबईच्या कलावंतांनी मोठा गदारोळ केला होता.

चौकाच्या दृष्टीने त्याआधीचा एक निर्णय अधिक बोचरा होता. स्वातंत्र्याच्या सुमाराला, सरदार पटेलांकडे हे खातं असताना, ज्यांचं खासगी आयुष्य लोकांत बदनाम मानलं जाई अशा गायिकांना रेडिओचं दार बंद झालं. चौकात तर ठुमरी-दादऱ्याच्या पिढ्या नांदलेल्या. ज्या गल्ल्यांनी गाणं सांभाळलं त्यांनाच रेडिओने नको म्हटलं. बेगम अख्तर लग्नानंतर गाणं थांबवून बसल्या होत्या, त्या 1949 मध्ये लखनौ केंद्रावरूनच पुन्हा गायला लागल्या. पण तेव्हा त्या बॅरिस्टर अब्बासींच्या पत्नी होत्या. हा फरक चौकातल्या कुणालाही समजावून सांगावा लागत नव्हता.

चित्रपटगीतांना मात्र वाट मिळाली ती समुद्रापलीकडून. कोलंबोला महायुद्धात सैन्यासाठी उभारलेले शॉर्टवेव्ह ट्रान्समीटर होते, त्यांवरून रेडिओ सिलोन चाले. 3 डिसेंबर 1952 ला तिथे ‘बिनाका गीतमाला’ सुरू झाली, निवेदक अमीन सयानी, दर बुधवारी रात्री आठला. विविध भारती 1957 मध्ये आली, पण बुधवार सिलोनचाच राहिला.

आमचे आजोबा केसकरांच्या पंथाचे. घरच्या रेडिओवर बातम्या आणि शास्त्रीय गाणं, बाकी काही नाही. गाडीतला रेडिओही त्यांनी व्हिजिटला जाताना बातम्या ऐकायला बसवलेला.

आता पुन्हा डॅशबोर्डमागे. उस्तादांची पद्धत सांगते, कारण ती कुठल्याही जुन्या गाडीला चालते आणि तिला मीटरही लागत नाही. बॅटरीची एक केबल काढायची आणि खुंटी व केबल यांच्या मधे बारा व्होल्टचा बल्ब जोडायचा. गाडीतली सगळी बटणं बंद. बल्ब पेटला नाही तर ठीक. पेटला तर कुठून तरी करंट गळतोय. शॉर्ट असला तरी करंट बल्बमधूनच जातो, त्यामुळे वायर जळत नाही. आमचा बल्ब लखलखीत पेटला. मग एकेक फ्यूज काढत जायचं. या गाड्यांमध्ये ते काम लवकर उरकतं, कारण फ्यूज दोनच! दोन्ही काढले, बल्ब पेटलेलाच.

“फ्यूज से पहले की बीमारी है,” उस्ताद म्हणाले.

इथे रंग कामाला येतात. अँबॅसडर ही मूळची इंग्लंडची मॉरिस ऑक्सफर्ड, आणि तिचं वायरिंग लुकासच्या इंग्रजी पद्धतीचं. तपकिरी वायर थेट बॅटरीची, कायम जिवंत. पांढरी किल्ली फिरवल्यावर जिवंत होते. हिरवी म्हणजे किल्लीनंतर फ्यूजमधून आलेली. लाल साइड लॅम्पची. निळी हेडलाइटची. काळी अर्थ. (कुर्ल्याच्या फियाटला हे लावू नका. ती इटालियन घराण्याची, तिची भाषा वेगळी.) उस्ताद कटआऊटपाशी गेले. तिथे तपकिरी वायरींच्या एका स्क्रूखाली एक पाहुणी दाबलेली होती. तपकिरी नाही, कुठल्याच रंगाची नाही. सुती वेष्टणाची, घरगुती. ती सोडवली आणि बल्ब विझला.

धुराचा उगम सापडला. पण उस्ताद थांबेनात, आणि बरं झालं थांबले नाहीत, कारण बाकीच्या दोन जमान्यांचे घोळही तितकेच मजेदार निघाले.

काकूंनी मला आदल्या दिवशीच सांगितलं होतं, “अगं, कॅसेट लावायची तर आधी पार्किंगचे दिवे लावावे लागतात. ही गाडी तशीच आहे.” वीस-पंचवीस वर्षं घरातल्या सगळ्यांनी भर दुपारी दिवे लावून गाणी ऐकली होती! कारण साधं होतं. बाजारात मिळणाऱ्या कॅसेट आणि सीडी सेटना पिवळी वायर कायम जिवंत लागते, लाल किल्लीनंतरची, आणि काळी अर्थची. बसवणाऱ्याने सेटची लाल वायर गाडीच्या लाल वायरीला जोडली. रंगाला रंग, विषय संपला. पण लुकासच्या पद्धतीत लाल म्हणजे साइड लॅम्प. दोन देशांच्या रंगभाषा एकमेकींना लावल्या, तर भर दुपारी दिवे लागायचेच.

दुसरा घोळ स्पीकरचा. जुन्या कॅसेट प्लेअरमध्ये प्रत्येक स्पीकरला एकच वायर जायची, दुसरं टोक गाडीच्या पत्र्याला. पत्रा हीच परतीची वाट. नव्या सेटमध्ये स्पीकरची दोन्ही टोकं जिवंत असतात, त्यांतलं एकही पत्र्याला लागता कामा नये. आमच्या गाडीत नवा सेट जुन्याच वायरींवर चढवलेला. म्हणून डावीकडून आवाज नाही, आणि पाच मिनिटांनी सेट स्वतःला वाचवण्यासाठी गप्प. लोक म्हणतात सेट खराब, आणि नवा आणतात. तोही गप्प होतो. उस्तादांनी दीड व्होल्टचा सेल घेऊन स्पीकरच्या टोकांना क्षणभर टेकवला. टक् असा आवाज आला. स्पीकर ठणठणीत. प्रत्येक स्पीकरला स्वतंत्र जोडी ओढली आणि काम झालं. यावर आणखी बोलण्यासारखं काही नाही.

बॅटरीचं मात्र सांगायला हवं. मॉरिस ऑक्सफर्डच्या पिढीच्या इंग्रजी गाड्यांत बॅटरीचं प्लस टोक पत्र्याला असायचं, आजच्या अगदी उलट. कॅसेट प्लेअरला मायनस अर्थ लागतो. म्हणून ऐंशीच्या दशकात कुणीतरी बॅटरी उलटी करून डायनॅमोचं ध्रुवत्व बदललं होतं. काम नीट केलेलं. पण त्या दिवसापासून मूळ रेडिओ मुका झाला, कारण तो प्लस अर्थचा. चुकून चालू केला असता तर जळलाच असता. ज्याने बॅटरी उलटवली त्याने आधी रेडिओची वायर काढून टोकाला काळी टेप गुंडाळली. चाळीस वर्षांनी टेपचा डिंक सुकला, टोक उघडं पडलं आणि लोखंडी पट्टीला टेकलं. तो आमचा धूर.

म्हणजे ती सुती वायर मूळ रेडिओची होती. मग कंपनीची का नाही? आणि किल्लीला वळसा घालून थेट बॅटरीवर का?

हे प्रश्न मी मोठ्याने विचारले तेव्हा काका खुर्ची टाकून उन्हात बसले होते. थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “ती मी टाकली. तिरसठमध्ये. पंधरा वर्षांचा होतो.”

गाडीची किल्ली आजोबांच्या खिशात. रेडिओ किल्लीशिवाय चालू होत नसे. आणि बुधवारी आठ वाजता सिलोन. काकांनी घरातल्या जुन्या टेबल लॅम्पची वायर कापली, बॉनेट उघडलं, जिथे कायम करंट असतो तिथे एक टोक दाबलं आणि दुसरं रेडिओच्या वायरीला पिळून जोडलं. मग दर बुधवारी अभ्यासाला मित्राकडे जातो सांगून अहात्यातल्या गाडीत, काचा चढवून, अंधारात. अहाता गल्लीच्या तोंडाशी, घरापासून दूर. इंजिन बंद, म्हणून सिलोन स्वच्छ.

“आजोबांना कळलं नाही?”

“गुरुवारी सकाळी कधीकधी सेल्फ घेत नसे. बाबांना पेशंट बघायला जायचं असे. मग मी आणि कंपाउंडर ढकलत होतो. बाबा कधी काही बोलले नाहीत. मला वाटायचं, बॅटरी जुनी आहे असं समजत असतील.”

उस्ताद तोवर ती वायर पूर्ण बाहेर काढून न्याहाळत होते. त्यांनी ती काकांच्या हातात दिली. “डॉक्टर साहब के बेटे, जोड़ आपने लगाया था?”

काकांनी चष्मा चढवला. पिळाचा जोड होता खरा, पण त्यावर कथिलाचा डाग दिलेला, नीट, गुळगुळीत. इंजिन आणि डॅशबोर्ड यांच्या मधल्या पत्र्यातून वायर जिथून येत होती, तिथे तिच्याभोवती रबरी बुश बसवलेला, कडेने वायर कापू नये म्हणून. आणि वाटेत काचेच्या फ्यूजचा होल्डर. होल्डरमध्ये आता फ्यूज नव्हता, सिगारेटच्या पाकिटातली चांदी गुंडाळून बसवली होती. उस्तादांचा अंदाज असा की कॅसेट प्लेअर आधी याच वायरीवर चालवला असणार, फ्यूज उडत राहिला असेल, तेव्हा कुणी तरी चांदी घातली. म्हणून शॉर्ट झाल्यावर फ्यूज उडायच्या ऐवजी वायर जळली. पण होल्डर जुना होता. बेकेलाइटचा, साठच्या दशकातला.

“मी डाग दिलेला नाही,” काका म्हणाले. “मला डाग द्यायला येतच नव्हता. मी नुसता पीळ दिला होता.”

फ्यूज होल्डर?

“नाही.”

उस्ताद म्हणाले की हे काम त्यांच्या वडिलांच्या हातचं असू शकतं, डॉक्टरसाहेबांची गाडी तेव्हा त्यांच्याकडेच यायची. त्यांना खात्री नव्हती, आणि मीही त्यात भर घालत नाही. पण गाडी आजोबांशिवाय कुणी मिस्त्रीकडे नेत नसे, एवढं काका सांगतात. वायर काढून टाकणं सोपं होतं. तिला फ्यूज लावून घेणं म्हणजे तिला राहू देणं.

चौथ्या दिवशी आम्ही तो मूळ रेडिओ बाहेर काढून टेबलावर ठेवला. तुमच्याकडे असा सेट असेल तर घाई करू नका. आधी स्पीकर जोडा, स्पीकरशिवाय चालू केला तर आतला आउटपुटचा भाग जाऊ शकतो. मग अर्थ कुठल्या टोकाचा ते पाहा. आमच्या सेटला बॅटरीचं प्लस पत्र्याच्या पेटीला दिलं. आणि पहिला करंट बल्बमधून द्या, म्हणजे सुकलेला कंडेन्सर फुटायच्या आधी बल्ब सांगतो. बल्ब क्षणभर भडकला आणि मंद झाला. उस्तादांनी मान हलवली. काचेच्या पट्टीमागचा दिवा लागला, पिवळट. एरियलऐवजी चार हात तार खिडकीवर टाकली होती. काकांनी स्वतः बटण फिरवलं, मीडियम वेव्हवरून शॉर्टवेव्हवर, आणि काटा हळूहळू सरकवला. कुठलंच स्टेशन लागलं नाही. नुसती खरखर, मध्येच शिट्टी, पुन्हा खरखर.

मी बंद करायला हात पुढे केला, तर त्यांनी अडवलं.

“राहू दे,” ते म्हणाले. “आठ वाजायच्या आधी हीच यायची.”